हलणारा दात

अकरा वर्षे हलणारा दुधाचा दात तुम्ही कधी पाहिला आहे का? पाहिला नसेल, तर ऐका.

एका राज्यात प्रतर्दन नावाचा राजा होता. त्याला इंदुलेखा नावाची एकच मुलगी होती. त्या राज्यातल्या डोंगरउतारांवर द्राक्षांचे वेल होते आणि राजवाड्याखालच्या तळघरात द्राक्षासवाचे रांजण होते. रांजण ज्या वर्षी भरला, ते वर्ष त्याच्या मानेवर कोरलेले असे. कोणता रांजण केव्हा उघडायचा, हे कुमुदा नावाची बाई ठरवी. तिचे काम चाखण्याचे. तिच्या आईचे, आजीचे आणि पणजीचेही तेच. त्या घराण्यात कोणी केसांत फूल माळत नसे, विडा खात नसे, कांदा चिरत नसे. आसव पेल्यात ओतायचे, पेला फिरवायचा, हुंगायचा, घोट जिभेवर धरायचा आणि पितळी तस्तात थुंकायचा. मग एक वाक्य बोलायचे. त्या वाक्यावर दरबार पीत असे.

इंदुलेखा सात वर्षांची झाली, त्या दिवशी राजाने मेजवानी दिली. तेव्हा भुजंगनाथ नावाचा मांत्रिक आमंत्रणावाचून आला. त्याच्या काखेत मातीचा बुधला होता.

“हे माझ्या गुरूंच्या हातचे आसव,” तो म्हणाला. “राजकन्येसाठी आणले. तुमच्या बाईंनी चाखून सांगावे.”

कुमुदाने चांदीचा पेला भरला, फिरवला, हुंगला, घोट घेतला, थुंकला.

“नवे आहे. फार तर तीन वर्षांचे,” ती म्हणाली. “हात धुवायला बरे.”

दरबार हसला. मांत्रिक हसला नाही.

“साठ वर्षे मुरलेल्याला तुम्ही नवे म्हणता,” तो म्हणाला. “ठीक. आजपासून तुमच्या राज्यात काहीच मुरणार नाही.”

बुधला उचलून तो निघून गेला.

तसेच झाले. विरजण लावलेले दूध सकाळी दूधच राहिले. लोणच्यातल्या फोडी वर्षभर करकरीत राहिल्या. रांजणात घातलेला द्राक्षांचा रस रसच राहिला, आणि तळघरातले जुने आसव जिथे होते तिथेच थांबले. माणसेही थांबली. डोक्याचे केस पिकेनात, तेव्हा दरबारी मंडळी काही दिवस खूश होती. पण पाळण्यातली बाळे पाळण्यातच राहिली, तेव्हा आया रडू लागल्या.

इंदुलेखा सात वर्षांचीच राहिली. तिचा पुढचा एक दात मेजवानीच्या दिवशी सकाळीच हलू लागला होता. तो हलतच राहिला. तिला सीमेपार न्यायचे ठरले. पण तिची पालखी सीमेवर आली की भोयांचे पाय जमिनीला चिकटत. राजाने मांत्रिकाच्या शोधात दोनदा सैन्य पाठवले. सैन्य दोनदा वाट चुकून परत आले. चाखणाऱ्या बाईला पाठवावे, असे कोणाच्या मनात आले नाही.

अशी अकरा वर्षे गेली.

एके दिवशी कुमुदा तळघराच्या पायरीवर पेले पुसत होती. इंदुलेखा येऊन शेजारी बसली आणि जिभेने दात ढकलू लागली.

“मावशी, माझा दात कधी पडणार?”

“पडेल हो, राजकन्ये.”

“तू दर वर्षी पडेल म्हणतेस. माझ्याबरोबर खेळायला आता कोणी येत नाही. सगळ्या मुली म्हणतात, सारखे तेच तेच खेळ झाले.” मग थोडे थांबून तिने विचारले, “तो मांत्रिक इतका का गं रागावला?”

 हातातला पेला कुमुदा बराच वेळ पुसत राहिली.

खिडकीत एक साळुंकी बसली होती. इंदुलेखा गेल्यावर ती म्हणाली, “बाई, मी सांगू का तिला? मेजवानीच्या दिवशी मी याच खिडकीत होते. सकाळपासून तुम्ही सव्वीस वेळा शिंकलात. मी मोजले.”

“हळू बोल,” कुमुदा म्हणाली.

“नाक गच्च बंद. नाकाशिवाय चव कसली कळणार? आसव आहे की ताक, तेही कळले नसेल.”

“चांदीच्या खोल पेल्यात रंगही दिसत नव्हता,” कुमुदा म्हणाली. “तुला मांत्रिकाची वाट ठाऊक आहे?”

“आहे. पण इतकी वर्षे विचारले नाहीत ते?”

“आज विचारते आहे.”

दुसऱ्या दिवशी कुमुदा निघाली. पुढे साळुंकी, मागे ती. सीमा ओलांडली आणि तिसऱ्या दिवशी तिच्या डोक्यात पहिला पांढरा केस दिसला. सातव्या दिवशी ती काळ्या डोंगरातल्या गुहेशी पोचली. दारात भुजंगनाथ बसला होता. तो फार म्हातारा झाला होता.

“हात धुवायला आलात?” त्याने विचारले.

“शाप उतरवा म्हणायला आले.”

“तीन बुधले ठेवतो. तीनही वेळा खरे सांगितलेत तर शाप उतरेल. एकदा जरी चुकलात, तर तुमची जीभ इथे राहील. ती माझ्या मांजराला देईन.”

मांजर कोपऱ्यात बसले होते. त्याने कुमुदाकडे पाहिले आणि पुन्हा डोळे मिटले.

पहिला बुधला आला. कुमुदाने काचेचा पेला मागून घेतला. पेला फिरवला, हुंगला, घोट जिभेवर धरला, थुंकला.

“द्राक्षे लहान आणि जाड सालीची,” ती म्हणाली. “त्या वर्षी पाऊस पडला नाही. वेल खडकाळ उतारावर, सकाळच्या उन्हात. नऊ वर्षे झाली.”

“खरे,” मांत्रिक म्हणाला.

दुसरा बुधला आला. कुमुदाने पेला उजेडात धरला. आत गाळ फिरत होता.

“आज सांगणार नाही,” ती म्हणाली. “हे लांबून उंटावर आले आहे. हिंदकळून दमले आहे. दोन दिवस निजू द्या.”

“आजच सांगायचे, असे मी म्हटले तर?”

“तर खोटे सांगेन, आणि तुम्हाला ते ठाऊक असेल.”

मांत्रिकाने मान डोलावली. दोन दिवस कुमुदा बुधल्याशेजारी बसून राहिली. साळुंकीने तिला रानातली बोरे आणून दिली. पण तिने ती खाल्ली नाहीत, ती फक्त पाणी प्यायली. तिसऱ्या दिवशी गाळ खाली बसला. तिने बुधला न हलवता वरचे आसव पेल्यात घेतले.

“समुद्राजवळची बाग,” ती म्हणाली. “वाऱ्यात मीठ आहे. तोडणी घाईत झाली, पाव भाग द्राक्षे हिरवी होती. पण ज्याने रांजण भरला त्याने वाट पाहिली. वीस वर्षे. आंबटपणा विरला आहे.”

“खरे,” मांत्रिक म्हणाला.

तिसरा बुधला त्याने स्वतः दोन्ही हातांनी आणला. कुमुदाने तो ओळखला. तो साठ वर्षांचा होता, आता एकाहत्तर वर्षांचा झाला होता. तोंडावरची लाखेची मोहर अकरा वर्षांपूर्वीची होती. त्यानंतर कोणी तो उघडला नव्हता.

“याचे वय मी विचारत नाही,” भुजंगनाथ म्हणाला. “ते तुम्हाला कळलेच आहे. मेजवानीच्या दिवशी याची चव कशी होती, ते सांगा.”

कुमुदाने लाख फोडली. पेला भरला, हुंगला, घोट जिभेवर धरला. आणि तिला कळले की उत्तर देता येईल. अकरा वर्षांत काय विरते आणि काय उरते, हे तिला पाठ होते. तेवढे मागे जायचे आणि सांगायचे. चार पिढ्यांचे काम होते ते. मांत्रिकाला फरक कळला नसता.

तिने घोट थुंकला.

“मला ठाऊक नाही,” कुमुदा म्हणाली. “त्या दिवशी मला पडसे झाले होते. मी चाखलेच नाही. नुसतेच बोलले.”

मांत्रिक पुढे झुकला.

“मग तसे सांगितले का नाही?”

“सगळा दरबार बघत होता. नाक बंद झालेल्या चाखणारीला कोण विचारतो? हात धुवायला बरे म्हटले की लोक हसतात, आणि पुढे कोणी काही विचारत नाही.”

भुजंगनाथ खाली बसला.

“मला यातले काही कळत नाही,” तो म्हणाला. “मंत्र कळतात, चव कळत नाही. गुरूंनी मरताना हा बुधला दिला आणि म्हणाले, माझे आयुष्य यात आहे. तुमचा दरबार हसला. शाप दिला खरा, पण परत आल्यावर वाटले, बाईंचेच खरे असेल. अकरा वर्षे मी याला हात लावला नाही.” थोड्या वेळाने त्याने विचारले, “आता कसे आहे?”

कुमुदाने पुन्हा एक घोट घेतला. या वेळी ती थुंकली नाही.

“वाळलेल्या अंजिराचा वास आहे,” ती म्हणाली. “मग लाकडाचा, उन्हात तापलेल्या. शेवटी काहीतरी कडवट आहे, पण ते लगेच जाते आणि मागे गोडवा राहतो. तो अजून आहे. इतका वेळ राहिलेला मी कधी पाहिला नाही. तुमच्या गुरूंना घाई नव्हती.”

भुजंगनाथाने तिच्या हातातला पेला घेतला आणि प्यायला. मग डोळे पुसले.

“अंजीर,” तो म्हणाला. “हो. आहे खरे.”

“माझी जीभ?”

“तिसरे उत्तर खरेच होते. आणि जीभ तुम्हाला लागेल. ज्या बोलण्यावर शाप बसला, ते बोलणे त्याच दरबारात परत घ्यायला हवे. मला ते करता येत नाही.”

मांजर उठून बाहेर गेले.

सात दिवसांनी कुमुदा दरबारात उभी राहिली. मांत्रिक दाराशी होता, बुधला त्याच्या काखेत होता. कुमुदाने पडशाची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. कोणीतरी हसले, मग थांबले. ती म्हणाली, “मी खोटे बोलले. ते आसव साठ वर्षांचे होते आणि मी ते चाखले नव्हते.” मग तिने आपला चांदीचा पेला राजाच्या पायाशी ठेवला.

राजाने पेल्याकडे पाहिले.

“अकरा वर्षे,” तो म्हणाला. “माझ्या मुलीची अकरा वर्षे.”

“हो, महाराज.”

“पेला उचला,” राजा म्हणाला. “यापुढे बाईंना पडसे झाले की बाईंनी तसे सांगावे, आणि त्या दिवशी दरबाराने पाणी प्यावे.”

तो नियम त्या राज्यात अजून पाळतात. चांदीचे पेले वितळवले आणि काचेचे आले. भुजंगनाथाने बुधल्यातले आसव सगळ्यांना घोटभर दिले, आणि दिवे लावायच्या वेळी निघून गेला. स्वयंपाकघरात कोणीतरी दुधाला विरजण लावले आणि झाकण ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दही लागले होते, आणि न्याहारी करताना इंदुलेखाचा दात पडला.