धामणखडीचं आमेन

धामणखडीच्या टेकाडावर चावडीची जुनी कोठडी आहे. छप्पर कधीच गेलं, भिंती तीनच उरल्या, पण गजांची खिडकी शाबूत. तिच्यातून खाली सरळ कसोट्यांचं अंगण दिसतं; आज कुरडया वाळत घातल्यात की पापड, तेही कळतं. दर उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, सगळी ख्रिस्ती मंडळी इथे चढून येते आणि कसोट्यांच्या घराचं भलं मागते, नाव घेऊन, मोठ्यानं. पाहुण्यांना हे फार प्रेमळ वाटतं.

"प्रेमळ कसलं, पाव्हणं," चर्चची देखभाल करणारे शांतवनराव म्हणतात. "सूड आहे हा. बसा."

असं सांगतात की इंग्रजी अमलात इथे मार्था भिंगारदिवे नावाची विधवा सुईण होती. लाजरस कसोटे मंडळीचा पंच. विडी सोडल्याची शपथ त्यानं भर चर्चमध्ये घेतलेली, त्यामुळे ओढायची ती शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीआड. एके दुपारी गंजी पेटली. गोठ्यात बांधलेली बैलजोडी होरपळून मेली. बाळंतिणीकडून परतताना मार्थानं लाजरसला पळताना पाहिलं, पण ती तोंड उघडायच्या आत त्यानंच चारचौघांत बोट दाखवलं, "आग हिनं लावली." पंचाचा शब्द. त्यापुढे सुइणीचं कोण ऐकणार?

"कबूल हो, बाई. ताकीद देऊन सोडतो," फौजदार म्हणाला.

"न केलेलं कबूल करू? मग प्रभूला काय तोंड दाखवू?"

दोन वर्षांची कोठडी झाली. तालुक्याच्या तुरुंगात बायकांना जागा नव्हती म्हणे, म्हणून टेकाडावरच डांबली.

पहिले आठ दिवस ती रडली. नवव्या दिवशी खिडकीशी आली, तर खाली लाजरस ओसरीवर ऐसपैस बसून भाकरी खात होता. तिच्या तोंडाशी शिव्या आल्या, सुइणीच्या ठेवणीतल्या. पण वचन आडवं आलं: शत्रूंसाठी प्रार्थना करा. दात-ओठ खात तिनं आज्ञा पाळली.

"देवा, लाजरस कसोट्याच्या घराला बरकत दे! त्याच्या गुरांना बळ दे! त्याला शांत झोप दे!"

शेतावरून परतणारा सारा गाव थबकला. लाजरसचा घास घशात अडकला. तो पाहून मार्थाला नऊ दिवसांत प्रथमच भूक लागली.

मग रोज दिवेलागणीला तेच. लाजरस फौजदाराकडे गेला.

"शिव्या देते का?"

"नाही, साहेब. आशीर्वाद देते."

फौजदार इतका हसला की टोपी पडली.

तेव्हा हा चर्चचा पंच लपत-छपत शेजारच्या गावी देवऋषीकडे गेला म्हणे. त्यानं सगळं ऐकून नारळ परत केला. "शापाला उतारा असतो, पाटील. याला नाही."

त्याहून वाईट म्हणजे मागणं पावू लागलं. ज्वारी मातली, म्हैस दुधाला भरली, नातू झाला. नातवाचे पेढे लोकांनी आधी कोठडीवर नेले. लाजरसच्या घरात लाजरसचं म्हणून काही उरेना.

दुसऱ्या वर्षी सुगीत तो खिडकीशी आला. "मार्थाबाई, पाया पडतो. थांबा आता."

"बिनआमेनची प्रार्थना अर्धवट सोडू कशी? तू आमेन म्हण, थांबते."

त्यानं तोंड उघडलं. आवाज फुटेना. पुन्हा उघडलं.

"त्या तोंडात खोटं अडकलंय, बाबा," मार्था म्हणाली. "आधी ते काढ."

तो तडक फौजदाराकडे गेला आणि ओकला सगळं. मार्था सुटली. लाजरसला फौजदारानं त्याच रिकाम्या कोठडीत घातलं. आता तरी शांतता मिळेल असं त्याला वाटलं असावं. पण दिवेलागणीला खिडकीखाली, बाहेरच्या बाजूनं, ओळखीचा आवाज चढला, "देवा, लाजरस कसोट्याच्या घराला बरकत दे!"

आतून रडत रडत आमेन आलं.

"थांबते म्हणाली होतीस ना?" चर्चच्या पाळकसाहेबांनी विचारलं. "क्षमा केलीस की नाही?"

"थांबले की, घोटभर पाण्यापुरती," मार्था म्हणाली. "क्षमेचं वरचा बघेल. मला प्रार्थना सांगितलीय, ती करते."

पुढे एकवीस वर्षं तिनं ती केली. लाजरसच्या मातीलाही केली, आणि त्या दिवशी आमेन तिला स्वतःच म्हणावं लागलं.

आजही उत्तम शुक्रवारी प्रार्थना संपली की टेकाडावर सगळे गप्प उभे राहतात, खालून कसोट्यांचं आमेन येईपर्यंत. पुण्यात राहणाऱ्या कसोट्यांना फोनवर ऐकवतात. मागे एका वर्षी घरातल्या कर्त्यानं हट्टानं तोंड मिटून घेतलं. चैत्राचं ऊन, उपासाचा दिवस, तरी कुणी छत्रीसुद्धा उघडली नाही. दुपार कलली तेव्हा कुठे आमेन आलं, कोरडं, पण ऐकू येईलसं. मग मंडळी सावकाश उतरली आणि कसोट्यांच्याच अंगणात बसून पोटभर पाणी प्याली.