मुरल्याची ओ

सायकली त्या कठड्याला टेका आणि आधी घोटभर पाणी प्या. हे सावरघाटाचं चौथं वळण. इथून नुसतं 'अहो' म्हणून ओरडा, डोंगर ढिम्म. पण कुणाचं नाव घेऊन हाक मारलीत, तर समोरून 'ओ' येते. का ते सांगतो, मात्र मध्येच फोटो काढत बसायचं नाही.

हा रस्ता नवा होता तेव्हाची गोष्ट. इचलकरंजीहून बारा सायकली मालवणचा समुद्र बघायला निघाल्या होत्या म्हणे. अकरा बाप्ये आणि एकटी वत्सला. लग्नाला नऊ दिवस झालेले, हातात हिरवा चुडा. "लोक तोंडात शेण घालतील," सासू म्हणाली. पण मुरलीधर, म्हणजे तिचा नवरा, हटून बसला. निघू तर दोघं, नाहीतर कुणीच नाही. वत्सलाला तो तिथेच आवडून गेला, असं ती पुढे सगळ्यांना सांगायची.

आता नवऱ्याला हाक मारायची तर 'अहो'. नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे आईनं तिच्या मनावर पक्कं बिंबवलेलं.

इथे, या वळणावर, तिची चेन पडली. "तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. बायको वरून बघतेय म्हटल्यावर मुरलीधरला चेव आला. गडी हात सोडून शीळ घालत उतारावर सुटला, सगळ्यांच्या पुढे. वत्सलानं चेन चढवली आणि खाली पाहिलं. आदल्या संध्याकाळी वळवाच्या पावसात खालची मोरी वाहून गेली होती. रस्ता तुटलेला तिला वरून लख्ख दिसत होता. त्याला कड्याआड काहीच दिसत नव्हतं.

"अहो!" ती ओरडली. "अहो, थांबा!"

मधले चार संसारी बाप्ये कचकन ब्रेक दाबून थांबले आणि माना वळवून बघायला लागले. ज्यानं थांबायचं तो आपला चाललाच. नऊ दिवसांच्या नवऱ्याला आपण कुणाचे 'अहो' झालोय याची सवय कुठली?

नाव घ्यावं तर त्याचं आयुष्य कमी होणार, न घ्यावं तर आत्ताच संपणार. घाबरलेल्या वत्सलाच्या तोंडून निघाली ती सासूची हाक.

"ए मुरल्याऽऽ!"

त्या हाकेला लहानपणापासून जागच्या जागी थांबायची सवय! "ओ!" म्हणतच त्यानं ब्रेक आवळले. पुढचं चाक मोरीपासून हातभर अंतरावर थांबलं.

सायकल ढकलत तो वर आला, तर वत्सला याच दगडावर बसून रडत होती. "मी नाव घेतलं हो तुमचं." मुरलीधरनं तिचा हात हातात घेतला. तोही चारचौघांत, बोला आता! "वेडी का काय तू? आता जे काही आयुष्य आहे ते त्या हाकेनंच दिलंय." आणि त्यानं शपथ घेतली, "या जागी तू हाक मारलीस आणि ओ आली नाही, असं कधी व्हायचं नाही."

मग दरसाल दोघं इथे यायची. आधी सायकलनं, गुडघे कुरकुरायला लागल्यावर एसटीनं. ती हाक मारायची, तो ओ द्यायचा. डोंगर तेव्हा मुकाच होता, असं आमचे वडील सांगायचे.

एका वर्षी वत्सलाबाई एकट्याच उतरल्या. मुरलीधर त्या पावसाळ्यात गेले होते. बाई कठडा धरून उभ्या राहिल्या. मग शेजारी बसलेल्याला म्हणावं तशा हळूच म्हणाल्या, "ए मुरल्या."

समोरच्या डोंगरातून ओ आली. बाईंनी डोळे पुसले, हसल्या आणि परतीच्या एसटीला हात केला, असं सांगतात.

आजही नवी जोडपी इथे सायकली थांबवतात. आई ज्या नावानं हाक मारायची, त्या नावानं बायको नवऱ्याला हाक मारते, आणि त्यानं डोंगराच्या आधी ओ द्यायची असते.

तर तुमच्यात नवं जोडपं कोणतं? लाजतेस काय, पोरी, मार हाक. आणि जावईबापू, तुम्ही जरा घाई करा. मुरल्या एकदाही चुकलेला नाही.