यंदाचा तवा, यंदाचे महाराज

"तवा नवा, मग घावन फाटलं कसं?" भैरवराजे गरजले.

ताटात घावन नव्हतंच, नुसता चुरा होता. कातळगडच्या राजवाड्यात त्या सकाळी सगळे खाली माना घालून उभे होते. घावन फाटण्याचं कारण मला चांगलं ठाऊक होतं, पण तोंड उघडलं असतं तर माझंच बिंग फुटलं असतं. तो तवा मीच घेतला होता. मी त्रिंबकपंत, राजवाड्याचा कोठीवाला आणि स्वतःला फार मोठा पारखी समजणारा गाढव!

दर वर्षी एक व्यापारी यायचा. "पंत, गेल्या सालच्या अडकित्त्याला एक घुंगरू होतं. यंदा दोन!" असं तो म्हणायचा, की मी घेतलाच! यंदाच्या अडकित्त्यातली सुपारी उडून दिवाणजींच्या डोळ्याला लागली, तर मी म्हणालो, "पण उडाली किती झोकात!" राजेही माझ्यासारखेच हौशी. मी त्यांच्या कानी लागलो आणि हुकूम सुटला: मुदपाकखान्यात वस्तू यंदाचीच हवी. जुनं काही दिसलं तर खबरदार!

घावनं घालायला आवडी होती. बारा वर्षं तिच्या हातचं घावन कधी मोडलं नव्हतं. ती पुढे होऊन म्हणाली, "महाराज, कोरा तवा पीठ धरून ठेवतो. माझा तो जुना बिडाचा तवा..."

"जुन्याचं नाव काढू नकोस! हा तवा बघ, दोन कान, वर घंटा! इतका सुधारलेला तवा कसा चुकेल? चुकतो तो तुझा हात! उद्या सकाळी याच तव्यावर अख्खं, जाळीदार घावन वाढ. नाही जमलं, तर संध्याकाळच्या होडीनं खाडीपलीकडे चालती हो!"

आवडीचा चेहरा एवढासा झाला. घरी सासू अंथरुणाला खिळलेली आणि खाडीपलीकडे तिच्या ओळखीचं चिटपाखरूही नाही. मला फार वाईट वाटलं. आता आपणच तिला वाचवायचं, असं मी ठरवलं. माझं हे ठरवणं म्हणजे समोरच्याचे ग्रह फिरलेच म्हणून समजा.

अडगळीतून मी तिचा जुना काळाकुट्ट तवा शोधून काढला. राजांना ओळखू येऊ नये म्हणून चिंच, राख आणि काथ्या घेऊन दुपारभर घासला. असा चकचकीत केला की त्यात मला माझं तोंड दिसू लागलं. तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं!

"आवडे, हा घे! जुना आहे असं कुणाच्या बापाला कळणार नाही!"

तिनं कपाळावर हात मारला. "पंत, हे काय करून बसलात हो! बारा वर्षं तेल पाजून, कांदा चोळून मी याला वळण लावलं. तुम्ही सगळं खरवडून काढलंत! आता घावन यालाही चिकटणार!"

"मग आता गं? आणखी काही मदत करू?"

"नको! पाया पडते तुमच्या!"

दुसऱ्या दिवशी सकाळी राजे पाटावर बसले. समोर चूल पेटलेली, वर तो दोन कानांचा तवा. पीठ तयार होतं, पण आवडी काही घालीना.

"कुणाची वाट बघतेस?" राजांनी विचारलं.

"खाणाऱ्याची, महाराज."

"मग मी कोण आहे?"

"तुम्ही तर बावन्न सालांपूर्वीचे! इथे यंदाचंच चालतं, असा हुकूम आहे."

तेवढ्यात राणीसाहेब नातवाला घेऊन आल्या. पोराचं बारसं मागच्याच महिन्यात झालेलं. आवडीनं त्याला वाकून मुजरा केला.

"हे आमचे यंदाचे महाराज! नाक तुमचंच, कपाळ तुमचंच, आवाज तुमच्याहून मोठा. शिवाय सुपारी नाही, तंबाखू नाही, गुडघे कुरकुरत नाहीत. सगळीकडून सुधारलेले! आजपासून गादीवर हेच बसू देत. घावनही यांनाच वाढते."

राणीसाहेबांनी पदर तोंडाला लावला. बाळराजांनी आजोबांचा नवा शेला ओला करून राज्यकारभार सुरूही केला.

"अगं ए बये!" राजे ओरडले. "हा घावन खाणार कसं? तोंडात एक तरी दात आहे का?"

"नाही? मग चूक कुणाची, महाराज? माझ्या हाताची?"

"चूक कसली त्यात! दोन महिन्यांचं पोर ते! आज नाही, उद्या येतील दात. वेळ लागतो!"

"मग तेवढा वेळ तव्यालाही द्या की, महाराज! तोसुद्धा परवाच आलाय!"

राजांनी तव्याकडे बघितलं, नातवाच्या बोळक्याकडे बघितलं आणि ते असे हसत सुटले की त्यांची पगडी घरंगळत चुलीपाशी गेली. हसून हसून दम लागला तेव्हा म्हणाले, "होडी बिडी काही नाही! तुझ्या सासूला आजपासून आमचे वैद्य बघतील. आणि कोठीच्या किल्ल्याही तुझ्याकडे. त्रिंबकपंत, सोडा कमरेच्या!"

मी सोडल्या आणि तिच्या हाती दिल्या.

"आणि या पंतांचं काय करायचं? टाकायचे का?" राजांनी डोळे मिचकावत विचारलं.

आवडीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "राहू देत, महाराज. दोन्ही तवे यांच्याच हाती द्या."

तेव्हापासून रोज सकाळी मी तव्यांना तेल पाजतो, कांदा चोळतो आणि डोळे पुसतो. आवडी म्हणते, तवे आता तयार होऊ लागलेत. माझं काय, असं विचारलं की मुकाट्यानं आणखी एक कांदा पुढे करते.