उतावळा खेकडा आणि बांधातले बीळ

एका जंगलात, तळ्याच्या मातीच्या बांधात एक खेकडा राहत असे. राहत असे म्हणायचे आपले. त्याचा पाय कधी एका जागी ठरलाच नाही. एक बीळ उकरायचे, ते अर्धवट सोडायचे आणि दुसऱ्याला हात घालायचा, हा त्याचा दिनक्रम. त्या वर्षी उन्हाळा कडक पडला. बांधाखालचे डबके आटत चालले आणि त्यात एक मरळ मासोळी आपल्या पिल्लांसह अडकली. "खेकडेभाऊ, काहीतरी कर. चार दिवसांत इथे नुसता चिखल उरेल," ती म्हणाली. खेकड्याने लगोलग बांधातून आरपार बीळ पाडले. तळ्याचे पाणी खाली येऊ लागले खरे, पण बिळात खडे होते, त्यामुळे धार आली ती जेमतेम करंगळीएवढी.

दुपारी एक रानम्हैस तळ्यात येऊन बसली. तिच्या अंगाने पाणी वर चढले आणि खालची धार लगेच जाड झाली. म्हैस उठून गेली, तशी धार पुन्हा बारीक. बांधावर ऊन खात बसलेले कासव खेकड्याला म्हणाले, "बघितलेस ना? वरचे पाणी चढले की जोर वाढतो, मग धार वाढते. बिळातले खडे तिला अडवतात. ते काढलेस तरी धार वाढेल. पण दोन्ही एकदम करू नकोस बाबा. ते खडे आहेत म्हणून बांधाची माती टिकून आहे. या धारेनेही डबके परवापर्यंत भरेल."

"परवापर्यंत? आजोबा, तुम्हाला शंभर वर्षे काढायची आहेत, त्या पिल्लांना नाही," खेकडा फणकारला. खरे तर डबके आता आटत नव्हते, हळूहळू का होईना भरतच होते. पण याला कुठला दम निघायला! त्याने नांग्यांनी एकूण एक खडा उकरून बाहेर फेकला. धार मनगटाएवढी झाली, मरळ खूश झाली, तरी याचे समाधान होईना. तो तुरुतुरु म्हशीकडे गेला. "म्हशीबाई, जरा पाण्यात बसता का? आणि तुमच्या बहिणींनाही बोलवा." पाणी म्हटल्यावर म्हशींना काय, त्या तयारच होत्या. पाच म्हशी एकदम तळ्यात शिरल्या.

पाणी काठोकाठ चढले. बिळात त्याला अडवायला आता काहीच नव्हते. धारेचा लोंढा झाला, लोंढ्याने बिळाची माती ओरबाडली आणि बघता बघता तिथला बांधच वाहून गेला. डबके भरले, उतू गेले, त्याचाही काठ फुटला. पिल्ले पाण्याबरोबर दूर गवतात फेकली गेली आणि पाणी तापलेल्या जमिनीत मुरून गेले. खेकडा गवतातून सैरावैरा धावत सुटला. एखादे पिल्लू उचलून आणावे, तर ठेवायला वर पाणी नाही आणि खालीही नाही. चिखलात तडफडत मरळ पुन्हा पुन्हा विचारत होती, "भाऊ, माझी पिल्ले कुठे आहेत?"

"मला फक्त पाणी लवकर आणायचे होते, ताई," खेकडा म्हणाला. मरळीने ते ऐकलेही नाही.

तात्पर्य : पाण्याचे जे, तेच तारेतल्या विजेचे, दाब वाढला की प्रवाह वाढतो आणि रोध वाढला की घटतो. म्हणून मुलांनो, घाईपायी दाबही वाढवायचा आणि रोधही काढून टाकायचा, असे कधी करू नये. ज्याच्यासाठी प्रवाह आणला, तेच त्यात नष्ट होते.