करकोच्याचा दुसरा पाय

त्या मुलखात वाटा पुष्कळ होत्या, पण कुठली वाट कोणाची हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तीन पिढ्या जो चालला त्याची वाट, एवढं सगळे मानत. त्याला जोडून आणखी एक नियम होता आणि तो तिथल्या लेकरांनासुद्धा तोंडपाठ असे: न विचारता चाललास तर हक्क, विचारून चाललास तर उपकार. दुसऱ्याच्या परवानगीने एखाद्या वाटेवर एकदा जरी पाऊल पडलं, तरी मागच्या तीन पिढ्यांचं चालणं पुसलं जाई. म्हणून त्या मुलखात कोणी कोणाला काही विचारत नसे. सगळे मोठे ताठ मानेने जगत, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

टेकडीच्या उतारावर धोंडाई कासवीण राहायची. पायथ्याशी तळं होतं, आणि तळ्याच्या अलीकडे बाळोजी सायाळाचं बीळ. बिळाला लागून, दोन कातळांच्या मधून, एक अरुंद बोळ पाण्यावर उतरत असे. धोंडाईची आजी याच बोळाने गेली, आई याच बोळाने गेली. दुसरी वाट होती, नाही असं नाही, पण ती टेकडीला वळसा घालून उघड्या कातळावरून जायची. थोरलं कासव सकाळी निघालं तर दिवेलागणीला पाण्याशी टेकायचं आणि पुढे दोन दिवस कोणाशी बोलायचं नाही.

शेजार मात्र सोन्यासारखा. बाळोजी एकटा जीव. रात्रभर कंद उकरायचा आणि उजाडायच्या आत त्यातले दोन धोंडाईच्या दाराशी ठेवायचा. धोंडाई मातीत अंडी पुरून ठेवी, तेव्हा मुंगसाला तिकडे फिरकू न देण्याचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. धोंडाई तोंडाची फटकळ. "आजचा कंद किडका होता हो बाळोजी, बघून आणत जा की," असं सुनवायची. तो हसायचा. दुसऱ्या दिवशी चांगला निवडून आणायचा.

बिघडलं ते एवढ्याशा गोष्टीवरून. सायाळ दिवसा झोपणारा प्राणी. धोंडाईचं वय वाढलं तशी तिची पाठ रुंदावली, आणि बोळातून जाताना ती बिळाच्या भिंतीला घासू लागली. ऐन दुपारी झोपलेल्या बाळोजीच्या डोळ्यांत माती पडायची. चार दिवस त्याने सोसलं. पाचव्या दिवशी म्हणाला, "अक्का, जरा उन्हं उतरल्यावर जात जा ना. झोप होत नाही गं."

साधं बोलणं होतं. पण 'अमक्या वेळी जा' म्हणणारा उद्या 'जाऊ नको' म्हणेल, हे त्या मुलखातलं कोणीही सांगितलं असतं. धोंडाईची जीभ सुटली. "माझ्या आजीने तुझ्या बापजाद्यांना वेळ विचारली नव्हती. मी तुला विचारू?"

बापजादे काढल्यावर बाळोजीचे काटे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्याने बोळाच्या तोंडाला बाभळीच्या फांद्या रचल्या. खरं सांगायचं तर, ती दाराशी येऊन कडाकडा भांडेल, मग आपणही भांडू, आणि रात्री पुन्हा कंद नेऊन ठेवू, असा त्याचा हिशेब होता. धोंडाई आलीच नाही. तिने फांद्या पाहिल्या, तोंड फिरवलं आणि ती न्याय मागायला करकोच्याकडे गेली.

करकोचा तळ्याच्या पलीकडच्या काठाला उभा असे. तक्रार आली की तो एक पाय उचलून पोटाशी घेई, आणि तो पाय पुन्हा खाली टेकला की निकाल लागला असं समजायचं. त्याला घाई माहीत नव्हती. आधी त्याने बोळाची लांबी मोजवली, मग रुंदी, मग पुन्हा लांबी. सरड्याची साक्ष झाली, पण सकाळी तो मातीच्या रंगाचा होता आणि दुपारी पानाच्या, तेव्हा साक्ष देणारा सरडा तोच की दुसरा, यात आठ दिवस गेले. बेडूक दोन्ही बाजूंनी बोलले. पाय वरच होता. प्राणी येता-जाता त्या पायाकडे बघत आणि आपल्याकडचा न्याय किती बारकाईचा असतो म्हणून मान डोलावत.

आणि इकडे अंडी फुटली.

अकरा पिल्लं. नखाएवढे पाय, ओल्या चिंचोक्यासारख्या पाठी. कासवाच्या पिल्लांना पहिल्याच दिवशी पाणी लागतं. ते मिळालं नाही तर पाठ वाळते, आणि वाळलेल्या पाठीचं पिल्लू जगत नाही. धोंडाई तडक उताराच्या टोकाला गेली आणि पलीकडच्या काठाला हाक घालून म्हणाली, "पोरं आलीत हो! आज तरी पाय टेका!"

करकोच्याने डोळे मिटले. "गाळातल्या शिंपल्याची साक्ष राहिली आहे," तो म्हणाला. "तो अजून उघडलेला नाही."

ती परत फिरली तेव्हा बोळाच्या तोंडाशी बाळोजी उभा होता. भर सकाळी, उन्हाला डोळे किलकिले करत. बाभळीच्या साऱ्या फांद्या त्याने ओढून बाजूला टाकल्या होत्या. काटे अंगावर वागवणारा प्राणी तो, पण बाभळीने त्याचंही तोंड फाडलं होतं.

"ने अक्का पोरं," तो म्हणाला. "माझी ना नाही."

बोळ समोर मोकळा होता. खाली पाणी चकाकत होतं. वीस-पंचवीस पावलांचं काम! धोंडाईने पाय उचललासुद्धा, आणि तो तसाच अधांतरी राहिला. याची ना नाही म्हणून आपण गेलो, तर तो उपकार झाला. आज अकरा उतरतील, पण उद्या त्यांची पोरं, त्यांच्या पोरांची पोरं, सगळ्यांनी या दारात विचारत उभं राहायचं? तिला आपली आजी दिसली, आई दिसली.

"वाट माझी आहे असं म्हण," ती म्हणाली. "एवढं म्हण, मी जाते."

बाळोजीला ते म्हणता आलं असतं. पण तसं म्हटलं, तर आपण इतके दिवस खोटे ठरलो, हे त्याच्या मनात आलं. क्षणभरच आलं. "ते करकोचा ठरवील की," तो म्हणाला. "तू आधी पोरं ने ना, बाई!"

धोंडाईने उचललेला पाय मागे घेतला. अकरा पिल्लांना पुढे घातलं आणि वळशाची वाट धरली. बाळोजी मागून ओरडत राहिला, "अक्का, अगं ऊन चढतंय! अगं ऐक!" तिने मान वळवली नाही.

कातळ तापला होता. तिच्या पोटाखालच्या सावलीत चार मावत, मग ती थांबून ती चार बाहेर ढकली आणि दुसरी चार आत घेई. दुपारी आत घेतलेली काही बाहेर येईनात. तिसऱ्या प्रहरी तिच्या पुढून काटे वाजवत कोणीतरी धावत आलं. बाळोजी होता. त्याने तोंडात ओल्या शेवाळाचा गोळा धरला होता. दोघांनी मिळून शेवाळ एकेका पाठीवर ठेवलं. सगळ्यांच्या पाठींवर ठेवलं, हलत होती त्यांच्या आणि हलत नव्हती त्यांच्याही. दिवेलागणीला धोंडाई तळ्याशी टेकली. तेव्हा तिच्याबरोबर फक्त बाळोजी होता.

त्यानंतर नवव्या दिवशी शिंपला उघडला. त्याच्यात काही नव्हतं. करकोच्याने बराच विचार केला आणि सगळ्यांच्या देखत दुसरा पाय पाण्यात टेकवला. वाट धोंडाईची, तिच्या पोरांची, पोरांच्या पोरांची, कोणालाही न विचारता, कायमची. बेडकांनी जयजयकार केला. असा चोख निवाडा मुलखात झाला नव्हता म्हणे.

आता धोंडाई रोज सकाळी त्या बोळाने पाण्यावर जाते. कोणाला विचारत नाही. चार पावलं टाकते, थांबते, मागे बघते आणि मग पुढची चार टाकते. बाळोजी बोळाच्या तोंडाशी अंग चोरून, कातळाला पाठ लावून उभा असतो. ती खाली पाण्यात शिरली तरी तो जागचा हलत नाही. अकरा लहान जिवांना तेवढा बोळ उतरायला जितका वेळ लागेल तितका वेळ तो तसाच उभा राहतो, आणि मग बिळात जातो.