माडाला सातवं, तलंगेला पाचवा

"तीन महिने होत आले, ना त्या तलंगांचं अंडं, ना सुनेची बातमी. सगळ्या वांझोट्या! रविवारी पाहुणे आले की चारही कापा." ओटीवर दाजीबा बायकोला सांगत होते, ते परसात सुगंधाला ऐकू आलं.

लग्नात माहेराहून तिने ती कोंबडीची दोन महिन्यांची पिलं आणली होती. रोज खुराडं उघडताना ती निरखत असे. तुरे आत्ता कुठे लालसर होत होते. पाठीवर हात ठेवला की एक तलंग अंग चोरून खाली बसू लागली होती. म्हणजे अंडं वाटेवर होतं, पण दटावून येणारं नव्हतं.

शनिवारी दाजीबा लाडक्या माडाला पाणी घालत होते.

"मामंजी, याला नारळ किती लागतात?"

"अगो, लहान आहे तो अजून. सातवं तर वर्ष! लागतील, दम धरावा माणसाने."

"मग उद्या कापायला या थोरल्यापासूनच सुरुवात करू, मामंजी," सुगंधा म्हणाली. "तलंगांना पाचवाच महिना आहे, मला तर या घरात तिसराच. कुऱ्हाड आणू?"