लख्ख गिझर

बोअरचं पाणी नुकतंच घराघरांत आलं होतं, तेव्हाची गोष्ट. सरूकाकूंच्या न्हाणीघरातला गिझर पुरता गोंधळला होता. दिवा लागायचा, अंग तापायचं, तरी पाणी आपलं कोमटच!

"मेल्याला रोज पुसते, तरी ही थेरं!" काकू करवादायच्या.

गिझरने खिडकीबाहेर टाकलेल्या जुन्या तांब्याच्या बंबाला विचारलं, "बंबदादा, मी तर लख्ख आहे. मग मला झालंय तरी काय?"

"माझ्या पोटातली राख रोज काढायचे. तुझ्या पोटातलं कोण काढतं?"

"माझ्या पोटात काय असणार?"

शेवटी काकूंनी गिझर बदलला. उतरवताना त्याच्या पोटात क्षाराचे खडे खडखडले. बंबाशेजारी पडल्यापडल्या त्याने खिडकीतून पाहिलं. काकू नव्या गिझरला फडक्याने लख्ख पुसत होत्या.